सीडीएसचं इंग्रजी: ॲपवरची टेस्ट सिरीज की यूपीएससीचे जुने पेपर?

सीडीएस, एनडीए किंवा एएफकॅट या सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या परीक्षा देणाऱ्यांचं इंग्रजी व्याकरणावर सहसा अडत नाही, ते अडतं उताऱ्यांवर. त्यांच्या सरावाला दोन रस्ते आहेत. एक, मोबाइलवर पैसे भरून घेतलेली टेस्ट सिरीज. दुसरा, यूपीएससीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले जुने पेपर. मी दोन्ही वापरलेत. कोणाला काय मानवेल हे ज्याच्या-त्याच्या तयारीवर आहे, तरी माझा कल लपणार नाही.

सिरीजची मोठी जमेची बाजू म्हणजे डोक्यावर चालणारं घड्याळ. सीडीएसच्या इंग्रजीच्या पेपरला दोन तासांत १२० प्रश्न असतात. एका उताऱ्यात रुतलात की वाक्यांचा क्रम लावायचे हातचे प्रश्न राहून जातात. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांना मनातल्या मनात प्रत्येक वाक्याचं मराठी करत वाचायची सवय असते. ती मोडायला घड्याळासारखा दुसरा मास्तर नाही. शिवाय एएफकॅट संगणकावरच होते, त्यामुळे स्क्रीनवर लांबलचक मजकूर वाचायची सवय असलेली बरी.

मला खटकली ती तिथली उत्तरं. नमुन्यादाखल असं समजा: उताऱ्यात लिहिलंय की कालवा आल्यावर गावाने विहिरींचा गाळ काढणं सोडलं आणि विहिरी निकामी झाल्या. प्रश्न असा, की विहिरी कशामुळे निकामी झाल्या? पर्यायांत 'कालवा' आहे आणि 'देखभालीकडे दुर्लक्ष'ही आहे. तुम्ही दुर्लक्ष निवडता, ॲप लाल रंग दाखवतं. स्पष्टीकरण उघडावं तर एकच ओळ: 'उताऱ्यावरून कालवा हे उत्तर स्पष्ट होते.' आता भांडायचं कोणाशी? मी वापरलेल्या सिरीजमध्ये असे प्रसंग इतक्या वेळा आले, की टेस्ट कमी आणि वाद जास्त अशी गत झाली.

गणितात 'की', म्हणजे उत्तरांची यादी, चुकली तर गणित पुन्हा सोडवून ती चूक पकडता येते. उताऱ्याचं तसं नाही. तिथे चुकीची की तुमच्या बरोबर वाचनावरचाच विश्वास उडवते. पुढच्या वेळी तुम्ही लेखक काय म्हणतोय ते सोडून प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय असेल ते ताडू लागता. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जाणाऱ्या परीक्षेत ही सवय महागात पडते. सगळ्याच सिरीज अशा असतील असं म्हणणार नाही, पण घेण्याआधी फुकट मिळणाऱ्या टेस्टमधली उताऱ्यांची स्पष्टीकरणं तेवढी वाचून पाहा.

जुन्या पेपरांत ही कटकट मला क्वचितच झाली. सीडीएसच्या सूचनेतच असतं, की उत्तर उताऱ्यातला मजकूर आणि लेखकाचं मत यांवरूनच द्यायचं. चुकीचे पर्यायही त्याच हिशेबाने रचलेले दिसतात. एखादा जगात खरा असतो पण उताऱ्यात नसतो. एखाद्यात 'नेहमी' किंवा 'फक्त' घालून लेखकाचं मत ताणलेलं असतं. एखादा उताऱ्यातलेच शब्द उचलून भलतंच सांगतो. पाच-सहा पेपर नीट चाळले की ही चाल डोळ्यांत बसते, आणि त्यासाठी फार शब्द पाठ असावे लागतात असंही नाही.

उणिवा आहेतच. आयोगाची की अंतिम निकालानंतर येते, त्यामुळे अगदी ताज्या पेपरला ती नसते. ती ए, बी, सी, डी अशा पुस्तिकेच्या मालिकेप्रमाणे असते. मालिका जुळवून घ्या, नाहीतर सगळंच चुकल्यासारखं वाटेल. आणि तिच्यात नुसतं अक्षर असतं, कारण नाही. मला मात्र हे सोयीचंच वाटलं. बरोबर पर्यायाला आधार देणारी ओळ उताऱ्यात शोधून तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची, आणि बाकीचे तीन का बाद ते शेजारी लिहायचं. वेळ जातो खरा. बाजारातल्या गाईडमधल्या कीवर विसंबण्यापेक्षा तो गेलेला परवडतो.

(रोज अग्रलेख वाचा, असंही कोणीतरी सांगतंच. जरूर वाचा, एसएसबीला, म्हणजे लेखीनंतरच्या मुलाखतीला, उपयोग होईल. पण अग्रलेख प्रश्न विचारत नाही, त्यामुळे आपल्याला सगळं समजलं असं वाटत राहतं.)

ओटीएसाठी (ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमी) सीडीएस देणाऱ्यांनी तर याकडे जास्तच बघावं. त्यांना गणित नसतं, लेखीच्या २०० गुणांपैकी १०० इंग्रजीचेच. त्यांनी आधी जुने पेपर संपवावेत आणि परीक्षा तोंडावर आली की वेळ लावून बघण्यापुरती सिरीज घ्यावी, तीही स्वस्तातली. तिच्यातल्या उताऱ्यांचे गुण मोजू नयेत, किती मिनिटं लागली तेवढं टिपावं. एएफकॅटवाल्यांना सिरीज थोडी आधी सुरू करावी लागेल, पण सुरुवात त्यांनीही सीडीएसच्या उताऱ्यांनी करायला हरकत नाही.