फ्लोरेन्टाइन कोडेक्सची डिजिटल आवृत्ती : मुंबईकर वाचकाचा अभिप्राय

फ्रान्सिस्कन साधू बेर्नार्दिनो द सहागुन आणि नाहुआ (ॲझ्टेक ज्यांपैकी होते ते मेक्सिकोतील मूळ रहिवासी) लेखक-चित्रकारांनी मेक्सिकोत १५७७ च्या सुमारास सिद्ध केलेला हा नाहुआ जीवनावरचा १२ खंडांचा सचित्र ग्रंथ प्रत्यक्षात इटलीतील फ्लोरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात असला, तरी अमेरिकेतील गेटी या कलासंस्थेने २०२३ पासून तो महाजालावर विनामूल्य खुला केल्यामुळे दादरच्या घरात बसूनही पानन् पान न्याहाळता येते. एका रकान्यात नाहुआट्ल (नाहुआंची भाषा), दुसऱ्यात स्पॅनिश आणि त्यांच्या अधेमधे सुमारे २,५०० चित्रे अशी त्याची मांडणी आहे.

सर्वाधिक वेळ बाराव्या खंडाला द्यावा, कारण त्यात स्पॅनिश आक्रमणाची हकीकत जितांच्या, म्हणजे हरलेल्या मूळ रहिवाशांच्या, बाजूने येते. १५२० च्या देवीच्या साथीचे पान मोठे करून पाहिले, की चटईवर पडलेले, अंगभर फोड आलेले रुग्ण दिसतात. एकाजवळ बसलेल्या स्त्रीच्या तोंडातून निघालेली वेलांटीसारखी खूण तिचे बोलणे दर्शवते. (१८९६ च्या प्लेगची अशी, रुग्णांच्याच समाजाने काढलेली चित्रे मुंबईकडे असती तर!)

अनुवाद इंग्रजी व स्पॅनिशमध्येच आहेत. लोकलमधल्या गर्दीत मोबाइलवर हा ग्रंथ उघडण्यात अर्थ नाही. त्याला मोठा पडदा आणि निवांत रविवारच हवा.