रस्त्यावरच्या कुत्र्यांपासून आपलं कुत्रं वाचवायला काय काय घेतलं: छत्री, स्प्रे, अल्ट्रासोनिक मशीन वगैरे, वापरानंतरचा अनुभव

आधी थोडी परिस्थिती सांगते. आम्ही नवी मुंबईत सीवूड्सला राहतो, करावे गावाच्या बाजूला. आमची कुत्री ठकी इंडी, म्हणजे देशी आहे, १४ किलोची, नसबंदी झालेली, घरात एकदम गरीब पण समोरून कुणी गुरगुरलं की ही पण दात दाखवणार. सकाळी बाबा फिरवतात, रात्री जेवणं झाली की मी. गेटमधून निघून पाम बीच रोडच्या दिशेला जायचं म्हणजे वाटेत तीन टोळ्यांच्या हद्दी लागतात, एक बंद पडलेल्या इस्त्रीच्या टपरीपाशी, एक पार्किंगमधल्या गाड्यांखाली आणि तिसरी, सगळ्यात डेंजर, संध्याकाळी मासळीवाल्या मावशा बसतात त्या कोपऱ्यावर. एखादा लॅब्रॅडॉर गेला तर नुसतं भुंकून सोडतात, पण ठकी गेली की त्यांना वाटतं शेजारच्या गल्लीतली घुसली. त्यात ही लीशवर, म्हणजे पळायचा रस्ता बंद, आणि ते त्या कुत्र्यांना बरोबर कळतं.

तर गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी ऑनलाइन बरंच काय काय मागवलं. आता पावसाळा, दिवाळी, थंडी सगळं होऊन गेलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही. पैसे माझेच गेलेत, कुणी फुकट पाठवलेलं नाही.

अल्ट्रासोनिक मशीन पहिलं घेते कारण जाहिरात सगळ्यात जास्त ह्याचीच दिसते. छोट्या टॉर्चएवढं असतं, बटण दाबायचं, आपल्याला काही ऐकू येत नाही आणि कुत्रं म्हणे पळून जातं. नऊशेच्या आसपास पडलं. आता माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, हे मशीन त्या मधल्या पट्ट्यात आवाज काढतं, इथपर्यंत सगळं खरंय. पण मग तो आवाज आपल्या हातातल्या कुत्र्यालाही जाणारच ना! ठकी मशीनपासून दोन फुटांवर, टोळी वीस फुटांवर. पार्किंगमधल्या काळ्याने मान तिरकी करून बघितलं, एक कान हलवला आणि परत भुंकायला लागला, ठकी मात्र पोट जमिनीला टेकवून जी बसली ती उठेचना, आणि समोरचं असं दबून बसलं की टोळीला अजूनच चेव येतो. रस्त्यावरची कुत्री दिवसभर हॉर्न, डंपर, गणपतीतले ढोल ऐकून तयार झालेली, त्यांना ह्याचं काय कौतुक. एखादं तरुण, एकटं कुत्रं कधीमधी थबकतं, खोटं नाही बोलणार, पण ते नुसतं "ए हट्" म्हटलं तरी थबकतंच. मशीन सध्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमधे पडून आहे.

स्प्रेमधे दोन प्रकार. एक म्हणजे दाबलेल्या हवेचा डबा, त्यातून फुस्स असा जोरात आवाज येतो. हा पाच-सहा फुटांच्या आत आलेल्या कुत्र्यावर बऱ्यापैकी चालतो, दचकून मागे सरकतं. पण एक तर महाग, दुसरं म्हणजे डबा संपत आलाय हे वेळेवर कळत नाही, आणि आपलं कुत्रं पण तेवढंच दचकतं म्हणजे लीश हिसकून विरुद्ध बाजूला, रस्त्यात. दुसरा मिरचीचा स्प्रे, तो मी घेतलाच नाही, आमच्याकडे खाडीवरून वारा असतो, समोरच्यावर मारायला जावं आणि आपल्या आणि ठकीच्याच डोळ्यात जायचं. नकोच.

काठी बाबांची आयडिया. वॉचमन काकांकडे असते तशी, बांबूची. काठी घेऊन माणूस शूर होतो हे खरं, पण त्या टोळ्यांनी आयुष्यात काठ्या खाल्लेल्या असतात, त्यामुळे ती उगारली की भित्री लांब जातात आणि पुढारी असतो तो जास्त पेटतो. नुसती डांबरावर ठक ठक आपटत चाललं तर उपयोग होतो. मारायची मात्र नाही, प्राण्यांशी क्रूरतेने वागण्याविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला जायबंदी केलं किंवा मारलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कायदा जाऊदे, आपण एकाला मारलं की उरलेली आपल्याला लक्षात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जायचं असतं!

आता छत्री. साधी, काळी, बटण दाबलं की उघडणारी, लांब दांड्याची. साडेपाचशेला मिळाली आणि एवढ्या सगळ्यात खरी कामाला आली ती हीच. कुत्रं धावत येतं तेव्हा त्याची नजर आपल्या कुत्र्यावर असते. मधे एकदम फट्ट करून मोठं काळं काहीतरी उभं राहिलं की ती नजर तुटते आणि ते ब्रेक मारतं. आपल्याला एवढंच हवं असतं, तीन-चार सेकंद, तेवढ्यात आपण मागे सरकत त्याच्या हद्दीतून बाहेर.

भाद्रपदात मासळीच्या कोपऱ्यावर हे नीट बघायला मिळालं. टोपल्या उचलून मावशा गेल्या होत्या, फुटपाथवर खवले आणि पाणी, आणि चार-पाच कुत्री एका माजावर आलेल्या कुत्रीच्या मागे. आम्ही पलीकडच्या बाजूनेच चाललो होतो तरी त्यातला तुटक्या शेपटीचा भुरा सरळ आमच्यावर आला, न भुंकता, आणि न भुंकता येणारंच खरं धोक्याचं. मी छत्री खाली धरून उघडली, कड जवळजवळ रस्त्याला टेकेल अशी. तो पलीकडे थांबला, पुढचे पाय ओल्या फुटपाथवर घसरले, कापडाच्या खालून त्याचं नाक आत आलं, वास घेतला, मग उजवीकडून फिरून यायला बघायला लागला. मी छत्रीही उजवीकडे फिरवली, तो डावीकडे, मी डावीकडे, असं करत करत मागे मागे. ठकी माझ्या पायामागे. दिव्याच्या खांबापर्यंत आल्यावर त्याने खांबावर पाय वर केला आणि निघून गेला, त्याची हद्द तिथे संपत असावी.

पण दोन गोष्टी आधी करायलाच पाहिजेत. पहिली, घरात आपल्या कुत्र्याला छत्रीची सवय. आधी उघडी छत्री हॉलमधे नुसती ठेवून तिच्याखाली चिकनचे तुकडे, मग हळूच उघडायची आणि तुकडा, मग बटणाने. ठकीला आता फट्ट आवाज आला की ती खाऊसाठी माझ्या मागे येऊन बसते. हे न करता बाहेर उघडलीत तर तुमचंच कुत्रं आधी पळेल. दुसरी, ती जोरजोरात हलवायची नाही, मारायच्या आविर्भावात तर नाहीच, नुसती भिंत म्हणून धरायची.

तक्रारी पण आहेत. तीन घड्यांची पर्समधे मावणारी घेऊ नका, तिचं बटण ऐनवेळी अडकतं आणि उघडली तरी घेर एवढासा. आणि पाम बीचला जुलैतल्या वाऱ्यात माझी पहिली छत्री उलटी झाली, दोन काड्या तुटल्या, त्या बोहारणीने पण घेतल्या नसत्या. आणि पावसाळा संपल्यावर रात्री दहाला छत्री घेऊन फिरताना लोक बघतात. बाबांनी ह्याच कारणासाठी ऑक्टोबरपासून बंद केली, ते परत काठीवर.

हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा, पाठीवर हँडल असलेला घ्या, हे मी सगळ्यांना सांगते. नुसता गळ्यातला पट्टा असेल तर ओढाताणीत गळा आवळतो किंवा डोक्यातून निघून येतो. हँडल हातात असलं की कुत्रं जागच्या जागी धरता येतं. उचलून खांद्यावर घ्यायचा मोह होतो, छोट्या कुत्र्यांचे लोक घेतातच, पण मग खालची कुत्री आपल्या अंगावर उड्या मारतात. उचलायचंच असेल तर लगेच गाडीत, गेटच्या आत, कंपाउंडच्या भिंतीवर कुठेतरी पोचवता आलं पाहिजे. लीश साधी पाच फुटी. ती बटणवाली लांब होणारी दोरी अजिबात नको, पंधरा फुटांवर कुत्रं आणि तिथे भांडण, तुम्ही काय करणार, आणि दोरी धरायला जाल तर हात कापेल.

वस्तूंबरोबर एक फुकटची गोष्ट, ती म्हणजे कुत्र्यांना खायला घालणारी ताई. आमच्या गल्लीत एक आहे, रोज रात्री भात घेऊन येते. बिल्डिंगमधले अर्धे तिच्याशी भांडतात, पण कोण कुणाचा, कोण नवीन आलाय, हे सगळं तिला पाठ असतं. कानाला छोटा काप दिसला की नसबंदी झालेली, हे तिनेच दाखवलं, आणि भुऱ्याच्या कानाला काप नव्हता हे पण. "उचलून कुठेतरी लांब सोडा" असं सोसायटीच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी लिहितं, पण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस देऊन त्याच जागी आणून सोडायचं असतं, आणि २२ ऑगस्ट २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशातही तेच आहे, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडून. खाऊ घालायच्या जागा ठरवून द्यायच्या हेही त्यातच. आता ती ताई मासळीच्या कोपऱ्याऐवजी मागच्या मोकळ्या प्लॉटपाशी घालते, आणि आमची रात्रीची फेरी त्या वेळेला विरुद्ध बाजूने. स्प्रेच्या डब्यापेक्षा ह्याचा उपयोग जास्त झाला.

भाद्रपद कुत्र्यांच्या माजाचा काळ, म्हणून सगळ्यात वाईट. तेव्हा पोटात राहिलेली पिल्लं दोन-सव्वादोन महिन्यांनी थंडीत बाहेर येतात आणि मग एरवी शेपूट हलवणारी गाडीखालची आई पण अंगावर येते. ती पाठलाग फार करत नाही, तिला फक्त अंतर हवं असतं, तेव्हा छत्री-बित्री न उघडता सरळ रस्ता बदला.

आता पाळलेली, लीश न लावलेली कुत्री. हा माझ्या मते जास्त मोठा प्रॉब्लेम, कारण टोळी हद्दीवर थांबते, हे थांबत नाहीत. एक काका त्यांचा रॉटवायलर मोकळा सोडून मोबाइलवर बोलत फिरतात.

"काका, लीश लावा ना प्लीज."

"अगं तो काही करत नाही, खेळायलाच येतोय."

छत्री कुत्र्यासाठी असते, काकांसाठी नसते. न्याय संहितेत कलम २९१ आहे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, पण त्यात माणसाच्या जिवाचं आहे, माझ्या ठकीचं नाही, आणि रात्री दहाला कलमं कोण ऐकतंय. चालणारा उपाय एकच सापडला, लांबूनच ओरडायचं, "काका, हिला खरूज आहे, तुमच्याला लागेल!" धावत येऊन पकडतात. चपला निसटेपर्यंत धावतात.

आणि एवढं करून चावा बसलाच तर केस बाजूला करून नीट बघा, वर दाताचं बारीक भोक दिसतं आणि आत मांस फाटलेलं असतं, त्यामुळे "एवढंसं तर आहे" म्हणून घरी हळद लावून थांबू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर, आधीची रेबीजची लस झालेली असली तरी. भांडण सोडवताना तोंडाजवळ, पट्ट्याला हात घालू नका, चावे तिथेच बसतात. तुम्हाला लागलं तर तुमचंही तेच, आणि त्याच दिवशी इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ते ० (म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी, मधला एकही चुकवायचा नाही. चाव्याने कातडी फाटून रक्त आलं असेल तर वेगळं सीरमही लागतं, ते डॉक्टरला विचारून घ्या.

परत घ्यायचं झालं तर छत्री आणि हार्नेस, बाकी काही नाही. छत्री फायबरच्या काड्यांची घेणार आता. हार्नेसचा साइझ वजनावरून अजिबात मागवू नका, पुढच्या पायांमागून छातीचा घेर टेपने मोजा आणि त्यावरून मागवा, घातल्यावर दोन बोटं आत गेली पाहिजेत. ठकीला १४ किलो म्हणून मीडियम आला होता तो काखेत घासून केस गेले, लार्ज बरोबर बसला. पावसाळ्यात भिजून त्याला भयंकर वास येतो, त्यामुळे दोन असलेले बरे.