इमॅटिनिब ४००: वर्षभर घेतल्यानंतर

हे कोणासाठी लिहिते आहे ते आधी सांगते. तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर निघाला आहे, डॉक्टरांनी इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी लिहून दिली आहे आणि खोक्यातलं ते घडीघडीचं पत्रक वाचून तुमची झोप उडाली आहे, तर तुमच्यासाठी. मी डॉक्टर नाही. वय ४६, पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते, राहायला सिंहगड रस्त्याला. वर्षभर ही गोळी माझ्या पोटात जाते आहे, तेवढाच माझा अधिकार.

गोळी काम करते का? करते, आणि चोख करते. निदान झालं तेव्हा माझ्या पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या होत्या आणि पाणथरी (प्लीहा) सुजून बरगडीखाली हाताला लागत होती. पहिल्या काही आठवड्यांतच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ताळ्यावर आला. खरी परीक्षा मात्र दर तीन महिन्यांनी होणाऱ्या बीसीआर-एबीएलच्या पीसीआरची, म्हणजे या आजाराचं बिघडलेलं जनुक रक्तात किती उरलंय ते मोजणाऱ्या तपासणीची. तिसऱ्या महिन्यात तो आकडा १० टक्क्यांच्या आत हवा आणि वर्षाच्या सुमारास ०.१ टक्क्याच्या आत. माझा दोन्ही वेळा आत आहे. २००१ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली, त्याआधी या आजारात इंटरफेरॉनची इंजेक्शनं नाहीतर बोन मॅरो बदलणं हेच मुख्य मार्ग होते. ज्या मोठ्या चाचणीत ही गोळी इंटरफेरॉनसमोर उभी राहिली, त्यात गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ८३ टक्के लोक दहा वर्षांनंतर हयात होते. तेव्हा परिणामाच्या बाबतीत पाचपैकी पाच, विषय संपला.

माझं म्हणणं वेगळं आहे. कॅन्सरच्या औषधांचे दुष्परिणाम डॉक्टर एक ते पाच अशा ग्रेडमध्ये मोजतात. ग्रेड पाच म्हणजे मृत्यू. ग्रेड वन म्हणजे त्रास आहे, पण उपचाराची गरज नाही. माझ्या फाइलमध्ये सगळीकडे ग्रेड वन आहे. सहा फेऱ्यांच्या केमोला ही मोजपट्टी ठीक आहे, कारण केमो कधीतरी संपते. ही गोळी आज आहे, उद्या आहे, पुढच्या दिवाळीलाही आहे. पंधरा दिवसांची मळमळ आणि पाच वर्षांची मळमळ यांना कागदावर एकच आकडा मिळतो. तो आकडा बघून ओपीडीतून "छान चाललंय" म्हणून बाहेर पाठवतात, आणि खरंच छान चाललेलं असतं, म्हणून आपल्यालाही तक्रार करायची लाज वाटते. करावी. पुढे जे लिहिलंय ते सगळं या ग्रेड वनचंच आहे.

सगळ्यात आधी पोट. गोळी भरल्या पोटी आणि मोठा ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची असते. रिकाम्या पोटी ती जठराला चांगलीच झोंबते. प्रश्न असा की भरलं पोट नक्की कुठलं? सकाळी पोह्यांवर घेऊन पाहिली. पीएमपीच्या बसमध्ये दांडेकर पुलापर्यंत मळमळ गळ्याशी यायची. एक प्लेट पोहे म्हणजे जेवण नव्हे, हे गोळीचं मत आहे. मग रात्रीच्या जेवणावर घेतली. त्यात आपल्याकडे नऊला जेवून दहाला आडवं व्हायची पद्धत, त्यामुळे छातीत जळजळ. शेवटी दुपारच्या डब्यावर बसवली. पोळी, भाजी, आमटी, भात, मधोमध गोळी, पुन्हा दोन घास, आणि मग संध्याकाळपर्यंत खुर्चीत ताठ बसणं आलंच. तेव्हापासून मळमळ आठवड्यातून एखाद्या दिवसावर आली. ज्यांना गोळी गिळवत नाही, त्यांनी ती पाण्यात किंवा सफरचंदाच्या रसात विरघळवून घेतली तरी चालते. पत्रकात तसं लिहिलेलंच आहे.

आमच्या सासूबाईंना काळजी होती ती संकष्टीची. त्यांना वाटलं आता माझा उपवास मोडणार. पण साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट आणि वाटीभर दही याला रिकामं पोट कोण म्हणेल? गोळीला उपवास कळत नाही, तिला वजन कळतं. निर्जळी मात्र बंद. हरतालिकेला त्यांनी स्वतःच माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

आता डोळे. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या असतात, खालच्या जास्त. कधीकधी डोळ्यांतून विनाकारण पाणीही येतं. दहा-अकरापर्यंत सूज उतरते, पण पतसंस्था त्याआधी उघडते. काउंटरच्या काचेपलीकडून पेन्शनर मंडळी "बाई, घरी सगळं ठीक ना?" असं विचारतात. एका आजोबांनी तर नवऱ्याला समजवायला येऊ का, असंही विचारलं. नवरा बिचारा तेव्हा माझ्यासाठी रक्ताचे रिपोर्ट आणायला गेला होता.

हे का होतं ते मी डॉक्टरांकडून समजून घेतलं. गोळीचं मुख्य काम बीसीआर-एबीएल हे बिघडलेलं प्रथिन बंद पाडणं. पण त्याच्याच घडणीची आणखी दोन-तीन प्रथिनं शरीरात आहेत, आणि ती निरोगी आहेत. गोळी त्यांनाही अडवते. त्यातलं पीडीजीएफआर बारीक रक्तवाहिन्यांभोवतीच्या पाण्याचा हिशेब ठेवतं. ते अडलं की पाणी पेशींच्या मधल्या जागेत साचतं, आणि जिथे कातडी सगळ्यात पातळ, म्हणजे डोळ्यांखाली, तिथे आधी दिसतं. उपाय साधे आहेत. डोक्याखाली दोन उशा, रात्रीच्या ताटातून लोणचं, पापड आणि फरसाण बाद, सकाळी गार पाण्याची पट्टी. लोणचं सोडणं मला गोळीपेक्षा कडू गेलं. वजनकाटा मात्र घरात आणाच. दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं, पाय सुजले किंवा जिना चढताना दम लागू लागला, तर ते डोळ्यांखालचं पाणी राहिलेलं नसतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो गोळे येण्याचा. पहाटे तीनच्या सुमारास पोटरीत गोळा येतो आणि माणूस अंथरुणात ताडकन उठून बसतो. पाय सरळ करून पायाची बोटं नडगीकडे ओढायची, हे नवऱ्याला आता झोपेतही जमतं. थंडीत जास्त होतं, निदान माझं तरी. डिसेंबरातल्या पुण्याच्या पहाटा वाईट गेल्या. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी आधी दर रविवारी चढायचे. आता चढते, पण उतरताना मधे दोनदा बसते. आणि हातांचं कोणी सांगत नाही, म्हणून सांगते: बोटांतही गोळे येतात. नोटा मोजता मोजता अंगठा तळव्यात वळतो आणि तिथेच अडकतो. समोर रांग, हातात पाचशेची गड्डी. आमच्या मॅनेजरांनी काही न विचारता नोटा मोजायचं मशीन माझ्या टेबलावर हलवलं, ही या वर्षातली मला मिळालेली सर्वोत्तम वैद्यकीय मदत असं मी समजते. डॉक्टरांनी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट तपासून मॅग्नेशियमची गोळी दिली. झोपण्याआधी पोटऱ्या ताणायचे व्यायाम आणि दिवसभर पुरेसं पाणी यांनीही फरक पडला. पूर्ण गेले नाहीत. कमी झाले.

आणि रंग. हा भाग लिहिताना मला हसू येतं, रागही येतो. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून माझा रंग उजळू लागला. मी सावळी, आमच्या घरात सगळेच सावळे. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींना केआयटी नावाच्या प्रथिनाचा इशारा लागतो, आणि इमॅटिनिब त्यालाही अडवतं. आपल्यासारख्या कातडीवर हे चांगलंच दिसून येतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला एकीने विचारलं, "कुठलं फेशियल गं?" दुसरी म्हणाली, "आजारपण तुला मानवलं हो." लग्नाआधी, कांदेपोह्यांच्या काळात हे झालं असतं तर आईचे निदान दोन नवस वाचले असते! कॅन्सरच्या औषधाने आलेल्या या गोरेपणाचं कौतुक करणाऱ्या बायका माझ्यावर प्रेम करणाऱ्याच आहेत, म्हणून तर जास्त बोचतं. एका पुतणीने क्रीमचं नाव मागितलं तेव्हा मी तिला गोळीचं नाव सांगितलं. ती गप्प झाली.

कौतुक बाजूला ठेवू. रंग कमी म्हणजे उन्हापासूनचं संरक्षण कमी. एप्रिलमध्ये स्वारगेटला बसची वाट पाहत वीस मिनिटं उभी राहिले तर दंड लाल होऊन चुरचुरतात, हे आयुष्यात पहिल्यांदा झालं. स्कार्फ, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन, पावसाळी आभाळ असलं तरी. औषध बंद झालं की रंग बहुधा परत येतो म्हणतात.

केस गेले नाहीत. यात आनंद मानायला हवा आणि मी मानते, पण त्यामुळे एक अडचण होते. आपल्याकडे केस आहेत म्हणजे कॅन्सर नाही. "केमो नाही ना? मग काय, नुसती गोळी!" असं ऐकून ऐकून थकले. थकव्याचंच म्हणाल तर तोही आहे. दुपारी चारच्या सुमारास अंगातून वारं गेल्यासारखं होतं. सोसायटीच्या गणपतीत यंदा प्रसादाची जबाबदारी नको म्हटलं, तर "तू तर छान दिसतेस" हे उत्तर आलं. डोळे सुजलेले, रंग उजळलेला, केस जागच्या जागी: खरंच छान दिसत असेन.

खाण्यापिण्यात नी बाकी औषधांत काय टाळायचं, ते थोडक्यात. ग्रेपफ्रूट नाही. त्याच कुळातलं म्हणून पपनसही नाही. गणपतीच्या दिवसांत मंडईत दिसतं, तेव्हा हात आवरायचा. संत्र्याला माझ्या डॉक्टरांची हरकत नाही. टीबीवरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरचं फेनिटॉइन, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स ही औषधं इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण खाली-वर करतात, म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे सर्दी-खोकल्याला गेलात तरी ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा. पॅरासिटामॉलही विचारून. काढे तर आपल्या घरात पावलोपावली. माझ्या चुलतसासऱ्यांनी गुळवेलीचा रस आणून दिला होता. त्यांना दुखवायचं नव्हतं, पण इमॅटिनिब लिव्हरमधून जातं आणि गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत. बाटली तुळशीच्या कुंडीत गेली. तुळस ठीक आहे.

आता मुद्द्याचं. हे सगळे बारीक त्रास मिळून माणसाला एका ठिकाणी नेतात: आज गोळी नको. लग्न आहे, प्रवास आहे, एक दिवस सोडली तर काय होणार? कोणालाही हे वाटणारच. २०१० साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या बाटलीत इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणारं झाकण वापरून हेच मोजलं. ज्यांनी ९० टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतल्या, त्यांच्यात पीसीआरचा आकडा हवा तितका खाली जाण्याची शक्यता फार घटली. ९० टक्के म्हणजे महिन्यात तीन गोळ्या चुकल्या की तुम्ही काठावर. म्हणून ग्रेड वनचा त्रास डॉक्टरांपुढे सांगणं ही कुरकुर नव्हे, उपचाराचाच भाग आहे. मी आता वहीत लिहून नेते: किती रात्री गोळे आले, किती दिवस मळमळ झाली, कामावर काय अडलं. "त्रास होतो" म्हटलं की मान डोलावतात. "आठवड्यात चार रात्री झोपमोड" म्हटलं की पेन उचलतात. काहींना डोस बदलून देतात, काहींना दुसरी गोळी. वर्षानुवर्षं आकडा अगदी तळाशी राहिला, तर निवडक पेशंटना डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवूनही पाहतात. त्यातल्या साधारण निम्म्यांचा आजार परत डोकं वर काढतो आणि गोळी पुन्हा सुरू होते. माझ्यासाठी ते अजून लांब आहे. आपल्या मनाने थांबवायची नाही, हे मात्र आत्ताचं.

किमतीबद्दल तक्रार करायला जागा नाही. मूळ कंपनीची गोळी एकेकाळी महिन्याला लाख-सव्वा लाखाला पडायची आणि भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांना. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)खाली मूळ कंपनीचा दावा फेटाळला, म्हणून भारतीय गोळ्या दुकानात राहिल्या. आता हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे किमतीला मर्यादा आहे आणि खर्च माझ्या पगारात बसतो. एक गुण कापते तो वेगळ्याच कारणासाठी. एकदा दुकानदाराने न सांगता दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली आणि बसवलेलं पोट पंधरा दिवस पुन्हा ढवळून निघालं. औषध तेच असेलही, पण पट्टी बदलली तर निदान सांगावं. तेव्हापासून बिलाचा फोटो दाखवून तीच कंपनी मागते.

ताप, कावीळ, काळी शौच, अंगावर आपोआप उमटणारे निळे डाग: यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. पहिल्या काही महिन्यांत रक्तपेशी फार खाली जाऊ शकतात, म्हणून तेव्हाचे सीबीसी एकही चुकवू नका. आणि दिवाळीत सदाशिव पेठेतली घाऊक औषधांची दुकानं सलग बंद असतात. पुढच्या महिन्याच्या पट्ट्या वसुबारसेच्या आधीच आणून ठेवा.