घरचा मेल सर्व्हर, प्रोव्हायडरचा रिले: वर्षभराचा अनुभव

घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर चालतो आणि बाहेर जाणारी सगळी मेल इंटरनेट प्रोव्हायडरच्या रिलेमार्फत, म्हणजे आपली मेल घेऊन पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरमार्फत, जाते, याला आता वर्ष होत आलं. घरच्यांची स्वतःच्या डोमेनवरची मेल, बॅकअपचे रिपोर्ट आणि डिस्क बिघडू लागल्याच्या सूचना, एवढाच पसारा. त्यासाठी रिले उत्तम आहे, पण डीकेआयएमची सही (मेल आपल्याच डोमेनची असल्याची डिजिटल खूण) घरच्या सर्व्हरवरच होत असेल तर.

घरगुती कनेक्शनवरून थेट मेल पाठवायचा नाद सोडलेलाच बरा. सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते पोर्ट 25 बंद, आयपी बदलता, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आपल्या हातात नाही. शिवाय स्पॅमविरोधी याद्या चालवणाऱ्या स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे असतात, तुम्ही स्पॅम पाठवा किंवा न पाठवा. रिलेकडे पोर्ट 587 वर लॉगिन करून मेल सोपवली की हे सगळं मिटतं. सेटिंग पाच-सहा ओळींचं आहे. पोस्टफिक्सच्या रिलेहोस्ट या सेटिंगमध्ये रिले सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात लिहा, नाहीतर पोस्टफिक्स त्या नावाचं एमएक्स रेकॉर्ड (डोमेनची येणारी मेल कुठे द्यायची ती नोंद) शोधायला जातो. टीएलएस, म्हणजे कनेक्शनचं एन्क्रिप्शन, सक्तीचं ठेवा.

खरी मेख पुढे आहे. माझा रिले एन्व्हलपवरचा प्रेषक (सर्व्हरना दिसणारा, फ्रॉमहून वेगळा पत्ता) बदलून तिथे माझ्या खात्याचा पत्ता घालतो. जीमेलमध्ये मूळ मेल उघडून पाहिली की एसपीएफ (पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का, ही तपासणी) पास दिसतं, पण ते प्रोव्हायडरच्या डोमेनसाठी. फ्रॉममध्ये माझं डोमेन असल्यामुळे डीमार्कच्या हिशेबात ते धरलंच जात नाही, कारण एसपीएफ किंवा सही फ्रॉममधल्या डोमेनशी जुळते का हेच डीमार्क पाहतं. घरच्या सर्व्हरवर ओपनडीकेआयएम या प्रोग्रॅमने केलेली सही मात्र माझ्या डोमेनची असते. रिले मजकुराला हात लावत नाही, म्हणून ती शाबूत पोचते आणि तिच्या जोरावर डीमार्क पास होतं. सही काढून पाठवलेली चाचणी मेल सरळ स्पॅममध्ये गेली. बाउन्स, म्हणजे मेल न पोचल्याच्या सूचना, याही प्रोव्हायडरच्या मेलबॉक्समध्ये येतात, तेव्हा तो पाहायची सवय लावून घ्यावी लागते.

मला सर्वांत खटकतं ते हे, की लॉगमध्ये 250 (रिलेने मेल स्वीकारल्याचा कोड) दिसलं की आपली नजर तिथेच संपते. पुढे मेलचं काय झालं ते रिलेलाच ठाऊक. एकदा दुसऱ्याच कुणा ग्राहकाच्या स्पॅममुळे रिलेचा आयपी काळ्या यादीत गेला आणि आमची मेल 550 (नकाराचा कोड) घेऊन परत येऊ लागली. यादीचं नाव, बाउन्सची प्रत, सगळं पाठवूनही सपोर्टकडून धड उत्तर यायला फार वेळ लागला. ज्यांच्या मेलवर धंदा चालतो त्यांनी पैसे मोजून वेगळी सेवा घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. रिले बंद पडला तर पोस्टफिक्स मेल 5 दिवस रांगेत ठेवतो, आणि तोवर पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. पोस्टफिक्समध्ये उशिराच्या सूचनेची वेळ 4 तासांवर आणा. ती सूचना घरच्याच मेलबॉक्समध्ये पडते, तिला रिले लागत नाही.