ब्रेकनंतर पुन्हा आयटीत: रिटर्नशिप, थेट नोकरी, घरून कामं की आधी कोर्स?

मूल शाळेत रुळलं, घरातलं आजारपण सरलं, किंवा आता परत कामाला लागावंसं वाटू लागलं. कारण काहीही असो, आठ-दहा वर्षांच्या खंडानंतर आयटीत परतू पाहणाऱ्या बायका मला हमखास विचारतात, "सुरुवात कुठून करू?" मुंबईत आज चार वाटा आहेत: मोठ्या कंपन्यांची रिटर्नशिप (ब्रेकनंतर परतणाऱ्यांसाठी ठरावीक मुदतीचं, मानधनासह काम), मध्यम किंवा छोट्या कंपनीत थेट नोकरी, घरून फ्रीलान्स कामं, आणि आधी एखादा पूर्णवेळ कोर्स. मी स्वतः यातून गेले आहे आणि आता मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसते, म्हणून माझं मत आधीच सांगते. सहा महिन्यांच्या आत "हिचं काम मी पाहिलंय, चांगलं करते" असं म्हणणारा माणूस ज्या वाटेवर मिळेल, ती वाट धरा. पॅनलला तुमच्या खंडाची वर्षं जितकी खुपतात, त्याहून जास्त हे खुपतं की तुमचं अलीकडचं काम पाहिलेलं कोणीच नाही.

या कसोटीवर रिटर्नशिप पहिली येते. टाटा समूहाने २००८ मध्येच 'सेकंड करिअर इंटर्नशिप प्रोग्रॅम' सुरू केला होता आणि गोल्डमन सॅक्सची रिटर्नशिपही त्याच वर्षीची. आता 'रिस्टार्ट विथ इन्फोसिस', टीसीएसची 'रीबिगिन', ॲमेझॉनची 'रीकिंडल' अशा बऱ्याच योजना आहेत. मुंबईकरांना आणखी एक सोय म्हणजे जेपी मॉर्गन, मॉर्गन स्टॅन्ली यांसारख्या बँकांची मोठी टेक्नॉलॉजी ऑफिसं इथेच आहेत आणि त्याही ब्रेकनंतर परतणाऱ्यांसाठी वेगळ्या योजना चालवतात. साधारण तीन ते सहा महिने ठरलेलं मानधन, एक खरा प्रोजेक्ट, एक मेंटॉर आणि शेवटी कायम करायचं की नाही याचा निर्णय, असा बहुतेकांचा साचा असतो. तुम्ही खंड लपवायचा नसतो, कारण तीच प्रवेशाची अट असते. शेजारी बसलेलीही तुमच्यासारखीच परतलेली असते, त्यामुळे "हे गिटमध्ये कसं करतात गं?" असं विचारताना जीभ अडखळत नाही.

उणी बाजूही आहे. जागा मोजक्या, जाहिरात येते आणि बघता बघता बंद होते, आणि पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ हजेरीची अपेक्षा असते. शेवटी नोकरी मिळेलच अशी हमी कोणी देत नाही. म्हणून एचआरला सरळ विचारा: मागच्या बॅचमधल्या किती जणींना घेतलं आणि कोणत्या ग्रेडवर? कायम तर केलं, पण दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवाचं एकही वर्ष धरलं नाही, असं होऊ शकतं. हे आधी कळलेलं बरं.

थेट नोकरीत मेंटॉर नाही, सवलतही नाही. ऑनलाइन कोडिंग टेस्ट सगळ्यांना असते तीच. पण जागा वर्षभर निघत राहतात आणि पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगार, पीएफ, मेडिकल विमा सुरू होतो. इथे तयारी दोन प्रकारची लागते.

पहिली कागदपत्रांची. नोकरी पक्की झाली की बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं आणि त्यात जुन्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला, पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक मागतात. जुनी कंपनी दुसरीत विलीन झाली असेल, तर हे मिळवायला आठवडे लागतात. अर्ज करायच्या आधीच कामाला लागा. शेवटचा पगार विचारला तर खरा सांगा, पण त्याच दमात आजच्या कामाचा आजचा बाजारभाव काय आहे तेही सांगा. दहा वर्षांपूर्वीच्या आकड्यावर थोडी टक्केवारी चढवून दिलेली ऑफर मान्य करायचं कारण नाही.

दुसरी तयारी अभ्यासाची, आणि ती वाटते तेवढी डोंगराएवढी नाही. २०१४ च्या सुमारास नोकरी सोडलेली जावा डेव्हलपर घ्या. जावा ८ त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आलं, म्हणजे त्यात नव्याने आलेले लॅम्बडा आणि स्ट्रीम्स तिने कामात वापरलेलेच नसणार. ते पक्के करायचे, मग जावा १७ आणि २१ मध्ये काय बदललं ते बघायचं, स्प्रिंग बूटमध्ये एक छोटी सेवा स्वतः लिहायची, डॉकरमध्ये चालवायची. डेटाबेसची भाषा एसक्यूएल मात्र जवळपास होती तिथेच आहे. जॉइन, ग्रुप बाय, इंडेक्स यांवर तुमचा हात बसलेला असेल, तर पहिल्याच फेरीत तो दिसतो. टेस्टिंगवाल्यांना बदल जास्त जाणवेल: नुसत्या मॅन्युअल टेस्टिंगच्या जागा आटल्या आहेत, त्यामुळे चाचण्या आपोआप चालवणारं सेलेनियम किंवा २०२० मध्ये आलेलं प्लेराइट शिकावंच लागेल. आणि एआय. कोड लिहून देणारी कोपायलटसारखी साधनं आता रोजच्या कामात आली आहेत. त्यांनी लिहिलेला कोड बरोबर आहे हे तुम्ही कसं तपासता, असा प्रश्न मी स्वतः विचारते, आणि इथे जुनी, चिकित्सक सवय असलेल्या बायका नव्या मुलांपेक्षा बऱ्याचदा सरस ठरतात.

आता घड्याळ. पगाराइतकंच ते महत्त्वाचं आहे, तरी मुलाखतीत त्याबद्दल फार कमी जणी विचारतात. टीम कोणत्या देशाबरोबर काम करते, हा माझा पहिला प्रश्न असतो. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे लंडनबरोबरचे बरेचसे कॉल मुलं शाळेतून यायच्या आसपास उरकतात आणि न्यूयॉर्कचे ऐन गृहपाठ आणि जेवणाच्या वेळी येतात. 'हायब्रिड' म्हटलं तरी आठवड्यात ऑफिसचे दिवस किती आणि ते कोण ठरवतं, हे ऑफर लेटरमध्ये किंवा निदान ईमेलवर लिहून घ्या.

ठाण्यात राहत असाल, तर ऐरोलीची ऑफिसं लोकलच्या ट्रान्स-हार्बर मार्गावर, मध्ये एकच दिघा गाव स्टेशन. डोंबिवलीहून सीप्झ गाठायचं तर घाटकोपरला मेट्रो १ आणि मरोळ नाक्याला बदलून मेट्रो ३, असं ऑक्टोबर २०२४ पासून जमतं. तरी घाटकोपरपर्यंतची लोकल चुकत नाही. दोन ऑफरमध्ये थोडाच फरक असेल, तर मी जवळची घ्यायला सांगेन. पहिल्या वर्षी तुमची ताकद लोकलमध्ये संपता कामा नये. मूल लहान असेल तर हेही माहीत असू द्या: मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. ती सोय कुठे आहे आणि प्रत्यक्ष चालू आहे का, ते जाऊन बघा.

घरून फ्रीलान्स हा पर्याय सगळ्यांना आधी सुचतो, सासूबाईंपासून नवऱ्यापर्यंत सगळे तोच सुचवतात, आणि मला तो पहिलं पाऊल म्हणून सगळ्यात कमी पटतो. ग्राहक आधी अलीकडचं काम दाखवा म्हणतो, म्हणजे अडचण तीच. पीएफ नाही, पगारी रजा नाही, काम करून पैसे कधी येतील ते सांगता येत नाही. आणि "घरीच तर आहेस" म्हणत गॅसवाला, कुरिअर, पाहुणे, मुलांचा ताप सगळं तुमच्याच वाट्याला येतं. कराचा बाऊ मात्र करू नका. ग्राहकाने टीडीएस कापला तर रिटर्नमध्ये तो हिशेबात धरला जातो आणि सेवांच्या बाबतीत वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. एका प्रकारचं फ्रीलान्स मला मनापासून मान्य आहे: जुन्या सहकाऱ्याच्या कंपनीत तीन महिन्यांचं ठरलेलं कंत्राट. तो तुम्हाला ओळखतो, काम बघतो आणि पुढे फोनवर तुमच्याबद्दल बोलतो. वेबसाइटवर बोली लावून मिळवलेल्या दहा फुटकळ कामांपेक्षा हे एक मोलाचं.

कोर्सबद्दल थोडक्यात. सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा पदविका कोर्स जुहू आणि खारघरला होतो, सी-कॅट परीक्षेतून प्रवेश, सुमारे सहा महिने, दिवसभर. शिकवणं कसदार आहे. पण तिथली प्लेसमेंट प्रामुख्याने नव्या पदवीधरांसाठी असते. लग्नाआधी जेमतेम वर्षभर नोकरी केली असेल, तर जरूर करा. पाच-सात वर्षांचा अनुभव असेल, तर तो बाजूला ठेवून फ्रेशरच्या रांगेत उभं राहू नका. उजळणीला एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) कोर्स फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षेचे.

मग कोणी काय करावं? पाच वर्षांवर अनुभव, मूल शाळेत जातं, घरी सांभाळायला कोणी आहे: रिटर्नशिपचे अर्ज भरा आणि त्याच आठवड्यात थेट नोकरीचेही, एकीची वाट बघत दुसरी थांबवू नका. मूल तीन वर्षांच्या आतलं किंवा घरात रुग्ण: ओळखीतलं छोटं कंत्राट, आठवड्याचे ठरलेले तास, लेखी. दोन्ही जमण्यासारखं नसेल, तर आज संध्याकाळी जुन्या टीममधल्या चार जणांना मेसेज पाठवा आणि त्यात "काही असेल तर सांग" एवढंच लिहू नका. काय येतं, कधीपासून जमेल, किती तास देता येतील, हे तिन्ही लिहा.