रानात बुजलेली चिरेखाण शोधायची: उपग्रह, ड्रोन की लायडार?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात रानालगतची जमीन घेताना किंवा गुरांच्या वाटेला कुंपण घालताना एक धास्ती असतेच, करवंदीच्या जाळीखाली जुनी चिरेखाण तर नाही ना? जांभ्या दगडाचे चिरे कापून काढले की खड्ड्याच्या कडा भिंतीसारख्या सरळ उभ्या राहतात, उतार उरत नाही. आत पडलेलं जनावर वर येत नाही. वरून शोधताना मात्र हाच काटकोन उपयोगी पडतो, कारण निसर्गानं केलेला खड्डा चौकोनी नसतो.

आधी फुकटचं बघा. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मिळणारा, कार्टोसॅट उपग्रहाचा उंचीचा नकाशा ३० मीटरच्या चौकटींचा, म्हणजे त्यातली एक चौकट जवळजवळ ९ गुंठ्यांची. चिरेखाण तिच्यात विरून जाते, त्यामुळे त्या नादी लागू नका. गुगल अर्थवरची मागच्या वर्षांची चित्रं त्यापेक्षा कितीतरी कामाची. खाण चालू असताना तांबडी जमीन उघडी पडलेली दिसते, रान नंतर वाढलं. खाण त्याहून जुनी असेल तर १९६० ते ७२ दरम्यान अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांनी काढलेले, आता खुले झालेले फोटो चाळा. कृष्णधवल आहेत, पण मोठी खाण ओळखता येते.

साध्या कॅमेऱ्याच्या ड्रोनवर लोक उगाच पैसे घालतात, असं माझं मत. फोटो जोडून तयार होणारा नकाशा झाडांच्या शेंड्यांचा असतो, जमिनीचा नव्हे. नंदगड-बिडीकडच्या पानझडी रानात मार्च-एप्रिलला, पानं गळाल्यावर, तो चालून जाईल. जांबोटी-कणकुंबीच्या सदाहरित रानात कुठल्याही महिन्यात उडवा, हिरवी गोधडीच दिसणार.

तिथे लायडारच, म्हणजे वरून लेसर सोडून जमिनीची उंची मोजणारं यंत्र. लेसरचे झोत पानांच्या फटींतून खाली उतरतात. जमिनीवरून परतलेले तेवढे बिंदू ठेवून झाडं वगळली की खाणीची कड रेघ ओढल्यासारखी उमटते. पाणी साठलेल्या खाणीतून लेसर बहुधा परतत नाही, नकाशावर तिथे कोरं भोक राहतं. ती चूक समजून पुसू नका, तीच खूण आहे. हा पर्याय महाग, आणि बिंदू चाळणारा जाणकार नसेल तर सगळा खर्च पाण्यात. दाट बांबूच्या बेटात तर लायडारही अडखळतो.

माझा क्रम असा: जुनी चित्रं, मग त्या रानात गुरं राखलेला एखादा म्हातारा सोबत घेऊन फेरी, आणि दोघांनीही न उलगडलेल्या तुकड्यापुरताच लायडार. अख्ख्या डोंगराचा नको.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये, म्हणजे उड्डाणाला मोकळ्या ठेवलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत ड्रोन उडवायला परवानगी लागत नाही. पण बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या आसपास झोन बदलतो, आणि भीमगड अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय ड्रोनची पेटीसुद्धा उघडू नका.

लांबच लांब अरुंद खड्डा दिसला तर तो बहुधा हत्ती अडवायचा चर. ओळीनं सारखे छोटे खड्डे असतील तर ते पाणी जिरवायचे.