२०.४ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन: स्पोर्ट्स वॉच, आठ महिन्यांनंतर

सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळून आले. गळ्यात पदक, पायांचे ओंडके झालेले, आणि मनगटावरचं घड्याळ म्हणतंय २०.४ किलोमीटर. शर्यत २१.१ची. मग राहिलेले ७०० मीटर मी काय टेम्पोत बसून आले? पेसही (एका किलोमीटरला लागलेली मिनिटं) ७:२९ ऐवजी ७:४५ दाखवला. २४ हजार मोजून घेतलेली वस्तू मलाच हळू ठरवते म्हणजे काय!

सर्व्हिस सेंटरला दोन चकरा झाल्या, रिक्षाचे पैसे वेगळे. तिथल्या मुलाने दुसऱ्या खेपेला फॅक्टरी रीसेट मारला आणि "मॅडम, आता ओके आहे" म्हणून हातात दिलं. माझे सगळे अलार्म उडाले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशीर झाला. एक तारा द्यायचा, असं ठरवूनच हे लिहायला घेतलं होतं.

पण आता खरं सांगते. रीसेटनंतर सेटिंग्ज पुन्हा लावताना लक्षात आलं की साताऱ्याला मी बॅटरी वाचवणारा मोड लावून पळाले होते. नावात 'अल्ट्रा' होतं, मला वाटलं भारीतला असेल. शिवाय समोर बॅटरीचे तास सगळ्यात जास्त लिहिलेले. मी काय सोडतेय! या मोडमध्ये घड्याळ आपण कुठे आहोत हे दर सेकंदाला टिपत नाही, मधेमधे टिपतं आणि ते ठिपके सरळ रेषेने जोडतं. सरळ रस्त्यावर हे खपून जातं. यवतेश्वरच्या घाटात प्रत्येक वळण कापलं गेलं, जातानाही आणि येतानाही. नकाशा मोठा करून पाहिला तर मी दोन-तीन ठिकाणी चक्क दरीवरून उडालेय.

तर चूक निम्मी माझी. उरलेली निम्मी त्यांची, कारण अचूकता कमी होईल ही ओळ मेनूत कुठेच नाही.

मग रीतसर परीक्षा घेतली. पुण्यात सणस मैदानावर पहिल्या लेनमधून दहा फेऱ्या, म्हणजे ४ किलोमीटर, आणि हे तीन वेगवेगळ्या दिवशी. नुसतं जीपीएस: ४.०९. सगळ्या प्रणाली चालू, म्हणजे जीपीएससोबत इतर देशांचे उपग्रहही: ४.०६. सगळ्या प्रणाली आणि ड्युअल बँड, म्हणजे उपग्रहांचे एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सींवरचे सिग्नल: ४.०३. बॅटरी तासाला अनुक्रमे ४, ५ आणि ९ टक्के. ६० मीटरच्या फरकासाठी दुपटीहून जास्त बॅटरी! वीज काही पैशांचीच लागते हो, पण ही बॅटरी बदलून मिळत नाही. ती गेली की घड्याळ गेलं. त्यामुळे वेताळ टेकडीवर, मोकळ्या आकाशाखाली, मी आजही नुसतं जीपीएस लावते. नवरा म्हणतो, पळतेस की उपग्रह मोजतेस?

दुसरी प्रणाली एकच निवडता येत असेल तर रशियाच्या ग्लोनासच्या मागे लागू नका. तिच्या कक्षा उत्तरेकडच्या देशांच्या सोयीच्या आहेत, आपण १८ अंशांवर. युरोपचं गॅलिलिओ किंवा चीनचं बायडू घ्या. बायडूचे काही उपग्रह तर आशियावरच घिरट्या घालतात. आणि आपलं भारतीय नाविक? माझ्या घड्याळाच्या यादीत जपानचं क्यूझेडएसएस आहे, नाविक नाही. नाविकचे नागरी सिग्नल बरीच वर्षं एल५ आणि एस बँडवरच होते. बहुतेक घड्याळं वापरतात तो एल१ सिग्नल २०२३च्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून आला. कारण पटतं, पण राग जात नाही.

ड्युअल बँडला मी उगाच नावं ठेवत होते, हे मात्र मान्य. लक्ष्मी रोडच्या इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि साधा मोड मला रस्त्याच्या या बाजूवरून त्या बाजूला फेकत राहतो. एल५ला थेट आलेला सिग्नल आणि आपटून आलेला यातला फरक जास्त नीट कळतो, म्हणून रेघ सरळ येते. गावातून रन असेल किंवा घाट असेल तर ९ टक्के जाऊ देत.

निघण्याआधी फोनशी सिंक कराच. उपग्रह कुठे आहेत याची आगाऊ माहिती त्यातून येते, नाहीतर घड्याळ ती आकाशातून उतरवत बसतं आणि आपण सोसायटीच्या गेटवर हात वर करून उभे. वॉचमनकाकांनी एकदा विचारलं, "ताई, कुणाला बोलावताय?"

पण नळस्टॉप! डोक्यावर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. तिथे ड्युअल बँडही हात टेकतो, कारण आकाशच दिसत नाही तर तो तरी काय करणार. गेल्या रविवारी घड्याळाच्या मते मी कर्वे रोड सोडून एका मिठाईच्या दुकानातून आरपार गेले, तेही ४:१० च्या पेसने. एक ताऱ्याचे साडेतीन केलेत.